टोकियोतली म्हाडा

इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर, वरच्या मजल्याच्या उंचीला, माणसाएवढा मोठा आकडा रंगवलेला होता. खाली जिन्याच्या तोंडाशी पत्र्याच्या टपालपेट्या, बाल्कन्यांत उन्हाला टाकलेल्या गाद्या, दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत एक घसरगुंडी आणि तिच्या शेजारच्या बाकावर बसलेले दोन म्हातारे. विमानतळावरून बॅग ओढत आलेली मी तिथेच थबकले. म्हटलं, "अगं, ही तर म्हाडा!" भाची हसली. रात्रभरच्या प्रवासाने मावशीचं डोकं फिरलंय, असं तिला वाटलं असावं.

डोकं काही फिरलं नव्हतं. ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये जिचं आयुष्य गेलं तिला म्हाडाची इमारत कुठेही ओळखू येते. आमच्याकडे पत्ता सांगताना आधी नंबर येतो, मग साईबाबा मंदिराच्या अलीकडे की पलीकडे, आणि रस्त्याचं नाव कोणी विचारत नाही. टोकियोतही बहुतेक गल्ल्यांना नावच नसतं. भागाचा आकडा, मग गटाचा आकडा, मग घराचा. नवखा माणूस हमखास चुकतो, आणि चौकातल्या पोलिसांच्या खोपटात जाऊन नकाशा विचारतो. जगातल्या एवढ्या मोठ्या शहरात पहिल्या तासाला मला परकं वाटलं नाही, त्याचं श्रेय या आकड्यांना.

या वसाहतींना तिथे 'दांची' म्हणतात. युद्धात टोकियो जळून गेलं होतं, खेड्यापाड्यांतून माणसं शहरात येत होती आणि राहायला घरं नव्हती. १९५५ साली सरकारने गृहनिर्माण महामंडळ काढलं आणि शहरांच्या कडेने चार-पाच मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींच्या ओळी उभ्या केल्या. दोन खोल्या आणि जेवणाचं टेबल मावेल एवढं स्वयंपाकघर, हा त्यातला ठरलेला साचा. घरं सोडतीने मिळायची. १९७२ मध्ये टोकियोच्या उत्तरेला ताकाशिमादाइरा इथे एकाच वसाहतीत दहा हजारांवर घरं झाली. सोडतीच्या निकालाच्या दिवशी यादीत नाव शोधणारा माणूस कसा दिसतो हे मला कोणी सांगायला नको. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात त्या दिवसाची एक गोष्ट आहे.

भाची राहते तो भाग निशी-कासाई, एदोगावा वॉर्डातला. २००० सालच्या सुमारास संगणकांतल्या तारखांच्या घोळासाठी भारतातून इंजिनिअर आले, त्यांची ऑफिसं ओतेमाचीकडे होती, आणि तोझाई लाईन निशी-कासाईहून थेट तिथे जाते. पण इतके भारतीय याच दांच्यांत का राहिले, त्याचं कारण नुसती लोकल नाही. त्या जुन्या महामंडळाची वारस असलेली संस्था घर देताना जामीनदार मागत नाही, घरमालकाला 'आभाराचे पैसे' म्हणून परत न मिळणारी रक्कम द्यावी लागत नाही, आणि परदेशी आहात म्हणून दार बंद होत नाही. खासगी घरमालकांचं तसं नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी सांगितलं की परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला. नकार देताना घरमालक कमरेत वाकत असणार यात शंका नाही. आमच्याकडे वाकत नाहीत, आडनाव विचारतात, आणि मासे खाता का ते विचारतात. याच एदोगावात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेले, तेव्हा इकडे वर्तमानपत्रांत फोटो आले होते. त्या बातमीच्या मागे या आकडे रंगवलेल्या इमारती होत्या, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

परत आल्यावर मात्र मला हे कोणी विचारलं नाही. सोसायटीच्या बाकावर, भिशीत, बँकेच्या रांगेत, सगळ्यांना माझ्याकडून एकच वाक्य ऐकायचं होतं. मी ते बोलायच्या आत तेच बोलत, "काय शिस्त ना! त्यांच्या रक्तातच आहे."

या वाक्याशी माझं भांडण आहे. वरवर ती जपान्यांची स्तुती आहे, आतून ती आपण आपल्यालाच मंजूर केलेली रजा आहे. रक्तातच असेल तर शिकण्यासारखं काही उरत नाही. आपलं रक्त वेगळं, विषय संपला, चहा आणा. मराठी माणूस जपानला जाऊन हेच घेऊन येतो असं नेहमी नव्हतं. हिंगण्याला बसून अण्णासाहेब कर्व्यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका वाचली. ते विद्यापीठ १९०१ साली निघालेलं. अण्णांनी त्यातून जपानी बाईचा स्वभाव शोधला नाही. तिथे काय शिकवतात, मुलींच्या आयुष्याशी ते कसं जुळवतात, संस्था कशी चालते, हे पाहिलं आणि १९१६ मध्ये आपलं महिला विद्यापीठ सुरू केलं. तेव्हा त्यांनी टोकियो डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. पैसा फंडाच्या तळेगावच्या काच कारखान्यालाही जपानमध्ये काच शिकून आलेला माणूस लाभला होता. त्या पिढीने तिथून कृती आणली. आपण फोटो आणतो.

आता लोकल. सकाळी आठला भाचीबरोबर तोझाई लाईनने निघाले. ती म्हणाली, "मावशी, गर्दी असते हं." मी तीस वर्षं ठाण्याहून सीएसटीला गेले आहे, मला गर्दी सांगतेस? पण गर्दी होती. साथीच्या आधी, २०१९ मध्ये, या लाईनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या पट्ट्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती, टोकियोतली सगळ्यात जास्त. २०० टक्के म्हणजे काय याचीही सरकारी व्याख्या आहे: अंगाला अंग लागतं, चांगलाच दाब जाणवतो, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. मला ही व्याख्या फार आवडली. आमच्या रेल्वेच्या कागदांत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्द आहे, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. त्यात साप्ताहिकाचा विचार कोणी केलेला नाही.

दारं बंद झाली आणि डबा गप्प झाला. एवढी माणसं आणि एकही आवाज नाही, हे पहिल्या दिवशी अंगावर येतं. कुणाचा फोन वाजत नाही, वाजला तरी तो उचलून बोलत नाही. पाठीवरच्या पिशव्या सगळ्यांनी पोटाशी घेतल्या होत्या. मी मनात म्हटलं, बघा, रक्तात आहे. आणि मग समोरची पाटी दिसली. भाचीने वाचून दाखवली: पाठीवरची पिशवी पुढे घ्या. तिच्या शेजारी दुसरी, फोनवर बोलू नका. पुढे फलाटावर तिसरी, धावत डब्यात शिरू नका. टोकियोच्या मेट्रोत अशी चित्रं १९७४ पासून लावली जात आहेत. रक्तातल्या गोष्टीसाठी पन्नास वर्षं कोणी पाट्या लावत नाही.

सरकत्या जिन्याचं तर आणखी गमतीचं. टोकियोत डावीकडे उभं राहायचं आणि घाईतल्या माणसाला उजवी बाजू सोडायची. ओसाकात बरोबर उलट. मधलं अंतर बुलेट ट्रेनने अडीच तासांचं. रक्त एवढ्यात बाजू बदलतं का? आता तर जिन्यावर चालूच नका, दोन्ही बाजूंना उभे राहा, असं सांगणं सुरू झालंय. शेजारच्या साइतामा प्रांताने २०२१ मध्ये तसा नियमही केला, आणि लोक तो सर्रास मोडतात. मी स्वतः पाहिलं, आणि कबूल करते, मला जरा बरं वाटलं.

टोकियोला वळसा घालणारी यामानोते लाईन साडेचौतीस किलोमीटरची आहे. हा आकडा ऐकला आणि मी हसले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी चौतीस किलोमीटरच धावली होती. जपानची पहिली गाडी शिंबाशी ते योकोहामा, ऑक्टोबर १८७२. म्हणजे ठाण्याच्या माणसाने इंजिनाची शिट्टी टोकियोच्या माणसाच्या एकोणीस वर्षं आधी ऐकली. तेव्हा जपानी माणूस वेळेचा पक्का होता का? १८५७ ते १८५९ या काळात नागासाकीला आरमाराचं शिक्षण द्यायला आलेला काटेंडाइक नावाचा डच अधिकारी होता. जपान्यांना वेळेची किंमत नाही, दिलेला शब्द वेळेवर पाळत नाहीत, अशी त्याची वैतागलेली तक्रार आहे. यात दोष कुणाचाच नव्हता. तिथे दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचे सहा भाग करत, आपल्या प्रहरांसारखे, आणि ते उन्हाळ्यात लांबत, हिवाळ्यात आखडत. मिनिट कोणाला लागतच नव्हतं. १ जानेवारी १८७३ पासून नवं कॅलेंडर आणि चोवीस समान तास आले. गाडी त्याआधी अडीच महिने सुटू लागली होती. मिनिट शिकवलं ते रेल्वेने, मग शाळेने, मग कारखान्याने. पंचवीस-तीस वर्षं नव्हे, दोन-तीन पिढ्या गेल्या त्यात.

गर्दीचंही तसंच. १९५५ मध्ये शिंजुकू स्टेशनवर प्रवाशांना डब्यात ढकलून कोंबायला माणसं ठेवली गेली, त्यांत कॉलेजची पोरं असायची. १९७५ साली टोकियोच्या मुख्य लाईनींवरची सरासरी गर्दी २२१ टक्के होती. तेव्हाचा टोकियोकर आजच्या टोकियोकरापेक्षा कमी जपानी होता असं नाही. २०१९ पर्यंत ती सरासरी १६३ वर आली. मधल्या काळात काय झालं? १९६५ पासून सरकारी रेल्वेने शहरात येणाऱ्या पाच दिशांचे मार्ग चौपदरी करायचं काम काढलं. उपनगरी गाड्या थेट भुयारी लाईनीत शिरू लागल्या, डबे दहा झाले, कुठे पंधरा झाले. माणूस रांगेत उभा राहिला, कारण ही गाडी सुटली तर तीन मिनिटांत दुसरी येते हे त्याला अनुभवाने माहीत झालं. आमच्या ठाणे-दिव्याच्या पाचव्या-सहाव्या मार्गाने किती मुदती ओलांडल्या ते दिव्याच्या माणसाला विचारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो एकदाचा खुला झाला. आणि ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन लोकल समोरासमोरून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली, चार जण त्या दिवशी गेले. त्यानंतरच्या चर्चेत टीव्हीवर एक गृहस्थ शांतपणे म्हणत होते की आपल्या लोकांना शिस्त नाही. दिव्याला जलद गाडीत आत शिरून दाखवा, आणि मग दारात उभं राहणाऱ्याला शिस्त शिकवा.

पण मला खरं टोकियो कळलं ते लोकलमध्ये नाही, कचऱ्यापाशी.

भाचीच्या फ्रिजवर चुंबकाने एक कॅलेंडर चिकटवलेलं. जाळायचा कचरा आठवड्यातून दोनदा, पुन्हा वापरात जाणारा एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. सकाळी आठच्या आत ठरल्या जागी ठेवायचा, वर हिरवी जाळी पांघरायची, नाहीतर कावळे पिशव्या फोडतात. टोकियोचे कावळे आपल्यापेक्षा थोराड आणि बेरकी. तिसऱ्या दिवशी मी उत्साहाने पिशवी घेऊन खाली गेले. संध्याकाळी बघते तर बाकी सगळं उचललेलं आणि माझी एकटी पिशवी जाळीखाली बसून होती, तिच्यावर एक चिकटपट्टी. भाचीने वाचली, "आजचा दिवस याचा नाही." मी लहानपणी शाळेत बाकावर उभी राहिले होते, तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची एक आजी जाता जाता थांबली, वाकली, काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणाली? भाची म्हणाली, "म्हणते, सुरुवातीला मलाही जमायचं नाही."

रस्त्यावर कचरापेटी नाही, हे प्रत्येक प्रवाशाला दिसतं आणि प्रत्येक प्रवासी त्याची आरती ओवाळतो. पेट्या होत्या. २० मार्च १९९५ ला एका पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला, त्यानंतर भीतीपोटी ठिकठिकाणच्या पेट्या काढल्या. तेव्हापासून लोक रिकामी बाटली घरी नेतात. त्या सवयीच्या पोटात एक हल्ला आहे. आणि मुळात एका बिस्किटाला एक वेष्टण, अशी बारा बिस्किटं एका खोक्यात आणि खोकं पुन्हा पिशवीत, असा कचरा घाऊक निर्माण करणारं हे शहर आहे, हेही फोटोत येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या शहरात कचऱ्यावरून युद्ध झालेलं आहे. हा शब्द माझा नाही. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर र्‍योकिची मिनोबे यांनीच सभागृहात तो वापरला. त्या काळी शहराचा कचरा पूर्वेला कोतो वॉर्डाच्या किनाऱ्यावर, खाडीत भर घालायला जायचा. तिथल्या एका भरावाचं नाव युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचं बेट. १९६५ च्या उन्हाळ्यात त्या स्वप्नातून माशांचे इतके थवे निघाले की बेटावरचा कचरा पेटवून द्यावा लागला. गाड्यांची रीघ, वास, सांडलेलं पाणी, सगळं कोतोच्या वाट्याला. दुसऱ्या टोकाला पश्चिमेचा सुगिनामी वॉर्ड, खातीपिती, शिकलेली वस्ती. तिथे कचरा जाळायचा कारखाना काढायचं ठरलं की तिथले लोक विरोधाला उभे राहायचे. कोतोवाल्यांनी विचारलं, कचरा तुमचा आणि माशा आमच्या, हे कोणत्या न्यायाने? १९७३ मध्ये कोतोचे महापौर आणि सदस्य रस्त्यावर उतरले आणि सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. सुगिनामीत कचरा साचला, वास आला, आणि मग बोलणी पुढे सरकली. १९७४ मध्ये तडजोड झाली. सुगिनामीचा कारखाना १९८० च्या दशकात चालू झाला. ज्याचा कचरा त्याच्या दारात, या तत्त्वाने पुढे वॉर्डावॉर्डांत असे कारखाने झाले. इकेबुकुरोसारख्या भरवस्तीत दोनशे दहा मीटर उंचीचं धुराडं आहे, आणि खालच्या उष्णतेवर शेजारचा पोहण्याचा तलाव गरम होतो. स्वप्नांच्या बेटावर आता बाग आहे.

भाची रोज ऑफिसला जाते ती तोझाई लाईन याच कोतोच्या पोटातून जाते. साप्ताहिक कसंबसं वाचता येतं तो पट्टा तोच.

हे समजलं आणि फ्रिजवरचं कॅलेंडर मला वेगळं दिसायला लागलं. तो भांडणानंतरचा तहनामा होता. कोणी कोणाच्या दारात किती टाकायचं, हे एकदा जोरात भांडून ठरलं, आणि मग ते बारीक अक्षरांत छापून घराघरांत गेलं. परक्या माणसाला छापील कॅलेंडर दिसतं, अडवलेल्या गाड्या दिसत नाहीत. पहिल्या भेटीत शहर आपल्याला नेहमी निकाल दाखवतं, खटला दाखवत नाही.

आमचा कोतो म्हणजे दिवा. वर्षानुवर्षं ठाण्याचा कचरा दिव्याला जात होता. माझ्या ओट्यावरच्या भाजीच्या देठांसकट. दिव्याच्या बाया ज्या लोकलला लटकून ठाण्याला कामाला यायच्या, त्या घरी परतल्यावर माझ्याच कचऱ्याच्या धुरात स्वयंपाक करायच्या. त्या डब्यात माझ्या शेजारी उभ्या असतानाही हे मला सुचलं नव्हतं. कल्याणला आधारवाडीची तीच कथा. आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आधारवाडी बंद झाली, दिवाही बंद झालं, आणि ठाण्याचा कचरा पुढे भंडार्लीकडे गेला. तिथल्या गावकऱ्यांनी तेच विचारलं जे कोतोने विचारलं होतं. समजा, उद्या असा कारखाना उपवन तलावाच्या जवळपास काढायचं ठरलं, तर मी काय करीन? खरं सांगायचं तर सह्यांच्या मोहिमेत पहिली सही माझी असेल. सुगिनामीच्या बायका काही वेगळं करत नव्हत्या. फरक एवढाच की त्यांच्या गाड्या कोणीतरी परत पाठवल्या, आणि त्यांना आपल्या देठांचा वास घ्यावा लागला.

यावर कोणी म्हणेल की बाई सगळं जपानच्या बाजूने बोलतायत. तसंही नाही. मिनिटाची पूजा कुठवर जाते ते २५ एप्रिल २००५ ला अमागासाकीला दिसलं. तेवीस वर्षांचा मोटरमन आधीच्या स्टेशनवर गाडी थोडी पुढे नेऊन बसला, सव्वा-दीड मिनिटाचा उशीर झाला, तो भरून काढायला वळणावर वेगात गेला आणि गाडी एका राहत्या इमारतीवर आदळली. त्याच्यासकट १०७ माणसं गेली. उशीर करणाऱ्या मोटरमनला त्या कंपनीत 'फेरशिक्षण' मिळायचं, म्हणजे गवत उपटणं, कबुलीचे निबंध लिहिणं, वरिष्ठांची बोलणी खाणं. त्याला वळणापेक्षा त्याचंच भय जास्त वाटलं. आपण ज्या शिस्तीला हात जोडतो तिच्यात असा धाकही मिसळलेला असतो. सकाळी त्या गप्प डब्यांपैकी एकावर गुलाबी पट्टी असते, फक्त बायकांसाठी. इतक्या अदबशीर शहरात ती का लागली? कारण गर्दीत बायकांच्या अंगाला हात लावणारे तिथेही होते, आणि त्या गप्प डब्यात ओरडायची बाईला चोरी. माझ्या लेडीज डब्यात हिरवे वाटाणे सोलले जातात, संक्रांतीला वाण लुटलं जातं, चौथ्या सीटवरून भांडणं होतात, पण कोणी एक किंचाळली तर सगळा डबा उठतो. तो गोंगाट मी त्या शांततेशी बदलून घेणार नाही. आणि भाचीच्या दांचीत बाकावर बसलेले ते दोन म्हातारे आठवतात. अशा वसाहतींत एकटं राहणारं माणूस गेलं तर कित्येक दिवस कळत नाही, म्हणून आता शेजाऱ्यांचे गट दारं वाजवत फिरतात. आमच्या मजल्यावर दूधवाल्याची पिशवी नऊपर्यंत दाराला लटकलेली दिसली तरी तीन जणी विचारायला येतात. नवे टॉवर झाल्यावर येतील का, माहीत नाही.

राहता राहिलं आपलं रक्त. ज्यांना वाटतं की मराठी माणसाला दहा जणांत नीट उभं राहता येत नाही, त्यांनी दहीहंडीला वर्तकनगरला यावं. २०१२ मध्ये इथेच जय जवान पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फूट, आणि गिनीजमध्ये नोंद झाली. २०२५ मध्ये याच वर्तकनगरात कोकण नगर पथकाने दहा थर लावले. त्या दिवशीच्या डीजेबद्दल माझी मतं तीव्र आहेत, पोरं पडतात, मोडतात, त्याबद्दल आणखी तीव्र. पण थर चढताना बघा. सकाळपासून केकाटणारी गर्दी आपोआप गप्प होते. खालच्या बेसमधला माणूस वर बघत नाही, त्याला बघायचंच नसतं, त्याच्या खांद्यावर कोणाचा पाय येणार ते त्याला महिनाभराच्या सरावाने ठाऊक असतं. तिसऱ्या थरातला चौथ्याची वाट बघतो, घाई करत नाही. सगळ्यात वरचा एक्का चढून सलामी देतो आणि मग, हे सगळ्यात अवघड, तो मनोरा तितक्याच क्रमाने उतरतो. शेकडो पोरं, बहुतेक चाळींतली, झोपडपट्ट्यांतली, ज्यांना बेशिस्त म्हणायची पद्धत आहे तीच. टोकियोचा मोटरमन पांढरे हातमोजे घालून सिग्नलकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने उच्चारतो, त्याचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो. आपल्या इंजिनातही लोको पायलट आणि त्याचा सहायक हात दाखवून एकमेकांना सिग्नल उच्चारून सांगतात. त्याचा व्हिडिओ मला अजून कोणी पाठवलेला नाही.

जमतं तिथे का जमतं? सराव असतो, जागा ठरलेली असते, आणि माझी पाळी खरंच येणार यावर विश्वास असतो. तिन्हीतलं एक काढून घ्या आणि टोकियोच्या माणसाला ठाण्याच्या फलाटावर उभं करा. दुसऱ्या आठवड्यात तोही गाडी थांबायच्या आत उडी मारायला शिकेल.

परवाची गोष्ट. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी होते. पावसाची भुरभुर, साठ-सत्तर माणसं, छत्र्यांची टोकं एकमेकांच्या कानांत. इथे पाटी नाही, दोरी नाही, पोलीसही नव्हता. तरी रांग सरळ होती, आणि नवीन येणारा विचारत होता, "वर्तकनगरची हीच ना?", आणि शेवटी जाऊन उभा राहत होता. मग दहा मिनिटं रिक्षाच आली नाही. रांग तीच राहिली पण माना वळल्या, सगळे रस्त्याकडे बघायला लागले. पहिला माणूस दोन पावलं पुढे सरकला. मागचा त्याच्या बरोबरीला आला. तिसऱ्या बाईने पर्स काखेत घट्ट धरली. मी पण, खोटं का बोला, चप्पल नीट पायात घेतली.

तेवढ्यात वळणावरून तीन रिक्षा एकामागोमाग आल्या. पहिला माणूस दोन पावलं मागे आला, आपल्या जागेवर उभा राहिला, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या म्हातारबांना म्हणाला, "काका, तुम्ही बसा आधी, मागे दोन आहेत."